पाच गुणांचा प्रश्न

आगरवाड्याची शाळा, नववी 'ब'.
अभ्यासक्रमात नसलेला प्रश्न मी फळ्यावर लिहिला होता:
तह झाल्यावरही कार्थेज आणि रोम
पुन्हा का लढले? पाच गुण.

एकोणतीस उत्तरांत सगुंटम आहे.
आठ महिन्यांचा वेढा, कोसळलेला तट,
मी सांगितलं तसंच,
माझ्याच स्वल्पविरामांसकट.

तिसावा कागद दमट.
कोपऱ्यावर मिठाचे दोन खडे सुकलेले.
साईल शेटगांवकर लिहितो:

बाई, सगुंटम नंतर. आधी पावती.
हरलेल्याने सिसिली सोडली, चांदी कबूल केली,
हप्ते ठरले, जहाजं परत गेली.
मग त्याच्याच अंगणात भाडोत्री सैनिक
थकलेल्या पगारासाठी उठले.
तो पुढच्या दारात काठी घेऊन उभा,
तेवढ्यात जिंकलेला मागच्या दाराने आला
आणि सार्डिनिया उचलून घेऊन गेला.
वर म्हणाला, बाराशे टॅलेंट आणखी टाका,
आम्हाला यायला खर्च झाला.
बाई, लढाई तिथंच झाली.
ऐकू यायला वीस वर्षं लागली.

मी लाल पेन उघडते. टोपण पुन्हा लावते.

शापोऱ्याच्या काठची ती मानस मला माहीत आहे,
भरतीचं पाणी आगरात घेणारी,
फळ्या कुजलेल्या, एका बाजूला मांद्रेकर,
एका बाजूला हे.
पेडण्याच्या मामलेदारासमोर समेट झाला होता,
चहा आला होता, बिस्किटंसुद्धा.
साईलचा आजा बांबोळीला खाटेवर होता त्या महिन्यात
मेर अकरा हात सरकली,
आणि नव्या बांधाचा अर्धा खर्च
ह्यांच्याकडे मागायला माणूस आला.

साईल तेव्हा नऊ वर्षांचा.
बापाने त्याला रवळनाथासमोर उभं केलं,
नारळावर हात ठेवायला लावला.
घाड्याने गाऱ्हाणं घातलं,
मागची माणसं म्हणाली, व्हय म्हाराजा.
त्यांच्या आगरातलं मीठ
ह्या जिभेला लागणार नाही.
(हे त्याने उत्तरात लिहिलेलं नाही.
एवढंच लिहिलंय:
आफ्रिकेतल्या त्या बापानेही मुलगा वेदीपुढे नेला होता,
नऊ वर्षांचा. मुलाला कुणी विचारलं नसेल.)

मी मीठ मांद्रेकरांकडून घेते.
माप भरून वर एक मूठ देतात.
त्यांची पल्लवी पहिल्या बाकावर बसते,
तिच्या उत्तरात सगुंटमचं शुद्धलेखन बरोबर आहे.

शेवटी त्याने दूताचं लिहिलंय.
रोमचा दूत कार्थेजच्या सभेत उभा राहिला,
वस्त्राचा ओचा मुठीत धरून म्हणाला,
ह्यात दोन्ही आहे, शांतता आणि लढाई, काय काढू?
ते म्हणाले, तुम्हाला आवडेल ते.
त्याने लढाई काढली.
बाई, ओच्यात काहीच नव्हतं ना?
सभेत एकालाही वाकून बघावंसं वाटलं नाही?

खिडकीबाहेर ओहोटी.
मानशीतून पाणी बाहेर पडतानाचा आवाज
शाळेपर्यंत येतो, कुणीतरी घसा खाकरावा तसा.
पाचपैकी पाच द्यायला हवेत.
मी साडेचार देते.
अर्धा का कापला, ते विचारायला तो येईल,
मग आम्ही बोलू,
मी म्हणेन, बस, साईल.

आकडा वाळला
तेव्हा लक्षात आलं मी काय केलं ते:
सगळं चुकतं केलेल्याकडून
वर थोडं आणखी.

लाल शाईवर रबर चालत नाही,
कागद तेवढा फाटतो.